वांगणीचं स्टेशन आणि रानभाजीची पाटी

हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा सोलता सोलता ऐका.

मी राहते अंबरनाथला, शिवमंदिराच्या जवळ. माझे गट मात्र वांगणीच्या आसपासच्या गावांत आणि पाड्यांवर आहेत. आठवड्यातले चार दिवस मी अंबरनाथला कर्जतची लोकल पकडते. मधे बदलापूर, मग वांगणी. नेहमी मी तुमच्याशी कर्ज, हप्ते, इतिवृत्ताची वही असल्या गोष्टींवर बोलते. आज मी रेल्वे स्टेशनवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि स्टेशनाचा काय संबंध? गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक दोन तास चालली. त्या दोन तासांत कर्जावर दहाच मिनिटं बोलणं झालं. बाकी सगळं बोलणं स्टेशनावर.

पण आधी थोडं मागे जाऊ. रोज जिथून जातो ती जागा कधीपासून आहे, हे आपल्याला माहीत असावं.

आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी महाशिवरात्रीच्या जत्रेला येऊन पाहिलं असेल. वालधुनी नदीच्या काठी आहे. शिलाहार राजांच्या काळातलं. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ असा काळ दिलाय, म्हणजे इसवी सन १०६०. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं आणि वर पाहिलं तर आकाश दिसतं. त्या मंदिरापासून स्टेशन दोनेक किलोमीटर. मंदिर झालं त्यानंतर जवळजवळ आठशे वर्षांनी इथे रूळ आले.

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेत शिकलोय. पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, गाडी कल्याणपर्यंत आली. आणि १२ मे १८५६ ला ती कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत सुरू झाली. आपण आज ज्या रस्त्यानं जातो, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ, तो हा रस्ता. म्हणजे आपल्या शेतांच्या बाजूनं गाडी जाते त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. आपल्या पणजीच्या पणजीनं ती पाहिली असेल.

पुढे घाट होता. खोपोलीला उतरायचं, डोंगर पालखीतून नाहीतर तट्टावरून चढायचा आणि वर खंडाळ्याला पुण्याची गाडी धरायची, असं काही वर्षं चाललं. मग बोरघाटातून रूळ न्यायचं काम झालं. त्या कामाची एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगते. घाटाचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल नावाचे साहेब १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. त्यांची बायको ॲलिस परक्या मुलखात एकटी. तिनं कंत्राट सोडलं नाही. जाणकार इंजिनियर नेमले आणि काम पुढे नेलं. एक वेळ अशी होती की त्या घाटात चाळीस हजारांच्या वर माणसं राबत होती. पंचवीस बोगदे खोदले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

ॲलिसबाईंचं नाव निदान पुस्तकात लिहिलेलं आहे. डोंगर फोडणाऱ्यांत, माती वाहणाऱ्यांत आपल्यासारख्या बायकाही होत्या. पटकीनं आणि तापानं किती माणसं तिथे गेली. त्यांची नावं कुठे नाहीत. घाटातून जाताना मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

रूळ आले की त्यांच्या मागून माणसं येतात. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना आला, मग दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्याच्या आधी, १९३० पर्यंत, पुण्याच्या मार्गावर विजेची तार आली होती आणि त्याच वर्षी १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. ती अजून धावते. वांगणीला ती थांबत नाही. आपण फलाटावर पदर धरून उभ्या राहतो आणि ती धूळ उडवत निघून जाते.

तर वांगणी हे असं मधलं स्टेशन. मुंबईहून निघालेल्या कितीतरी लोकल अंबरनाथला नाहीतर बदलापूरलाच संपतात. पुढे येतात त्या कर्जतच्या आणि खोपोलीच्या. म्हणून आपल्याकडे गाडी चुकली की वाट पाहणं आलं. हे ‘गाडी चुकली की’ लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यापाशी येते.

आता बैठकीचं सांगते.

आमच्या त्या गटात अकरा जणी आहेत. बहुतेक ठाकूर आणि कातकरी पाड्यांवरच्या. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं निघतात, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कर्टुली. जंगलातून आणायची, साफ करायची, जुड्या बांधायच्या. पूर्वी एक व्यापारी पाड्यावर टेम्पो घेऊन यायचा आणि पाच रुपयांनी जुडी उचलायचा. तीच जुडी अंबरनाथला स्टेशनबाहेर दहाला जाते, शेवळांना तर त्याहून जास्त मिळतात. आम्ही बैठकीत हिशेब फळ्यावर मांडला. चाळीस जुड्या. व्यापाऱ्याला दिल्या तर दोनशे. आपण नेल्या तर चारशे. रोज दोनशेचा फरक. महिन्याच्या पासाचे पैसे पहिल्या एक-दोन दिवसांत सुटतात. गटानं ठरवलं, पाच जणींना पास काढायला आणि पाट्या, ताडपत्री घ्यायला अंतर्गत कर्ज द्यायचं. सगळ्या खूश. मीही खूश. वहीत ठराव लिहिला आणि घरी आले.

तिसऱ्याच आठवड्यात त्या पाचांतल्या एका ताईचा प्रसंग झाला. नाव सांगत नाही. ती आत्ताही ऐकत असेल. डोक्यावर पाटी, पाऊस पडतोय, गाडी यायची वेळ झालेली. पुलाचा जिना चढून पलीकडे जायला वेळ लागतो म्हणून ती फलाटाच्या टोकाला उतरून रुळांतून निघाली. नेहमीच जायची. समोरून लोकल दिसत होती, ती अजून लांब होती. पण मधल्या रुळावरून उलट्या दिशेनं न थांबणारी गाडी येत होती. डोक्यावर पाटी असली की मान वळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसात आवाजही कळला नाही. भोंगा वाजला तेव्हा तिनं पाटी टाकली आणि मागे उडी मारली. भाजी चाकांखाली गेली. ती वाचली.

पुढच्या बैठकीत ती हसत हसत सांगत होती, “अडीचशेची भाजी गेली गं माझी.” दोघी-तिघी हसल्या. मग तिची सासू, तीही आमच्या गटात आहे, एवढंच म्हणाली, “भाजी परत उगवंल.” त्यानंतर कुणी हसलं नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ठराव करताना आम्ही पासाचा हिशेब केला, पाटीचा केला, पुलाचा केलाच नाही. चूक माझीही होती. मी रोज त्याच पुलावरून जाते, पण माझ्या खांद्याला फक्त पर्स असते. वीस किलोची पाटी घेऊन तो जिना काय वाटतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एका ताईची पाटी डोक्यावर घेऊन चढले. अर्ध्यात थांबले. तेव्हा कळलं की ‘रुळांतून जाऊ नका’ असं नुसतं बजावणं सोपं आहे.

मग दोन तास बोलून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, घरून पंधरा मिनिटं आधी निघायचं, कारण घाईत असलेली बाईच रुळांत उतरते. दोन, एक मोठी पाटी न्यायची नाही, दोन लहान गाठोडी करायची आणि पुलावर एकमेकींना हात द्यायचा. पाचही जणींनी एकाच गाडीनं जायचं. तीन, गाडी सुटली तर सुटली. त्या दिवशी उशिरा पोचल्यानं जे नुकसान होईल, त्यातले पन्नास रुपये गट देईल. हा तिसरा ठराव करताना खूप वाद झाला. एक जण म्हणाली, उशीर करणाऱ्यांना बक्षीस द्यायचं का? तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, पन्नास रुपयं गटाला परवडत्यात, बाई परवडत न्हाई. ठराव मंजूर झाला. तीन महिन्यांत ते पन्नास रुपये गटाला चार वेळा द्यावे लागले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पूल तेवढाच उंच आहे. एक जण अजूनही कधी कधी रुळांतून जाते, मला कळतं. पण आता बाकीच्या चौघी तिच्याशी त्या दिवशी बोलत नाहीत. हा दंड पैशांपेक्षा भारी पडतो.

आता स्टेशनाकडून आपल्याला काय मिळतं आणि आपण काय सांभाळायचं, ते नीट सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिलं तिकीट. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे. रोज जाणार असाल तर पास काढा. महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा असे पास मिळतात. ओझं जास्त असेल तर लगेजच्या डब्यातून जायचं. त्याचं तिकीट वेगळं असतं, ते खिडकीवर विचारून घ्या. बायकांच्या डब्यात मोठ्या पाट्या नेल्या की भांडणं होतात, आणि त्या भांडणात नोकरीवाल्या बायकांचंही चुकत नाही. त्यांनाही उभं राहायला जागा हवी.

तिकिटाचं अजून एक महत्त्व आहे. गाडीतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला, तर कायद्यानं घरच्यांना आठ लाख रुपये भरपाई मागता येते. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. हातात तिकीट किंवा पास असेल तर तो प्रवासी होता हे दाखवणं सोपं जातं. पण रूळ ओलांडताना कुणी गेलं तर ही भरपाई मिळत नाही. उलट रुळांत शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरातल्या पुरुषांनाही हे सांगा.

दुसरं, मदत. रेल्वेत काही झालं, कुणी त्रास दिला, कुणी आजारी पडलं, तर १३९ हा नंबर. कुठल्याही संकटात ११२. लहान मूल एकटं दिसलं, चुकलेलं दिसलं, तर १०९८. हे तीन नंबर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि एक कायद्याची गोष्ट. बाई एकटी असेल आणि तिच्याकडे तिकीट नसेल, तरी तिला रात्री कुठल्याही आडगावच्या स्टेशनात उतरवता येत नाही. विनातिकीट जा असं मी सांगत नाही. पण पाकीट मारलं गेलं, पास हरवला, आणि कुणी अंधारात उतर म्हणालं, तर हे बोलता आलं पाहिजे.

तिसरं, विक्री. परवाना नसताना गाडीत किंवा फलाटावर माल विकणं कायद्यात बसत नाही. दंड होतो, माल जप्त होतो. वांगणीत डोळ्यांनी न दिसणारी पुष्कळ कुटुंबं राहतात. घरभाडं परवडतं म्हणून ती इथे आली आणि लोकलमध्ये पिना, पाकिटं, चाव्यांच्या साखळ्या असं काहीबाही विकून त्यांनी संसार उभे केले. त्यांना पकडलं जातं तेव्हा वाईट वाटतं. पण आपल्याला दुसरा रस्ता असेल तर तो धरावा. २०२२ पासून रेल्वेनं ‘एक स्थानक, एक उत्पादन’ अशी योजना आणली आहे. स्टेशनात छोटा स्टॉल देतात, ठरावीक दिवसांसाठी, थोड्या शुल्कात. स्थानिक कारागीर आणि बचत गट त्यासाठी अर्ज करू शकतात. आमच्या दुसऱ्या एका गटानं पापड आणि नाचणीच्या लाडवांसाठी एका स्टेशनात चौकशी केली. तीन वेळा तीन खिडक्यांवर फिरवलं. चौथ्या वेळी आम्ही गटाचा नोंदणीचा कागद, बँकेचं पासबुक आणि मालाचा नमुना घेऊन गेलो, आणि अर्ज लेखी दिला, पोच घेतली. अजून स्टॉल मिळालेला नाही. पण पोच हातात आहे, त्यामुळे आता विचारायला जाताना आमचा आवाज बारीक होत नाही. तुम्ही गेलात तर तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी द्या.

शेवटी, स्टेशन म्हणजे नुसते रूळ आणि फलाट नसतात, तिथे माणसं असतात. १७ एप्रिल २०२१ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. वांगणीच्या फलाटावरून एक आई लहान मुलाचा हात धरून चालली होती. तिला दिसत नव्हतं. मूल कडेवरून खाली रुळांत पडलं. ती हातानं चाचपडत राहिली. समोरून एक्स्प्रेस येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत आले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः वर चढले. गाडी अगदी अंगावरून गेल्यासारखी गेली. रेल्वेनं त्यांना पन्नास हजारांचं बक्षीस दिलं, त्यातलं अर्धं त्यांनी त्याच मुलाला दिलं.

त्याच्या आधी २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. रात्रभर चारी बाजूंनी पाणी. आत हजाराहून जास्त माणसं, त्यात गरोदर बायका, लहान मुलं. २७ तारखेला आपत्ती दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, आणि आसपासच्या गावांतली माणसंही धावली. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. रोज आपल्यासमोरून न थांबता जाणारी गाडी त्या दिवशी आपल्या शेतात थांबली, आणि आपल्या लोकांनी तिला पाहुण्यासारखं सांभाळलं.

हे दोन्ही प्रसंग मी गटात नेहमी सांगते. मग एकदा त्या पाटीवाल्या ताईनं मला विचारलं, “मॅडम, शेळकेभाऊ रोज असतील का तिथं?” मी म्हटलं, नाही. “मग आपणच आपल्याला वर ढकलायचं,” ती म्हणाली आणि गाठोडं उचलून जिन्याकडे निघाली.

कल्याणपासून बदलापूरपर्यंत तिसरी-चौथी मार्गिका टाकायचं काम हाती घेतलं आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोलीला नवीन स्टेशन व्हायचं आहे. रूळ वाढतील, गाड्या वाढतील. म्हणजे रुळांतून जाणं आजच्यापेक्षा धोक्याचं होईल. तेव्हा आत्तापासूनच मागायला शिकूया. वांगणीसाठी आमच्या पाच गटांनी मिळून एक अर्ज लिहिला आहे. ओझं घेऊन चढता येईल असा उताराचा रस्ता नाहीतर सरकता जिना मिळावा, आणि फलाटाच्या टोकाला कुंपण व्हावं. त्रेपन्न सह्या झाल्या, त्यातले एकोणीस अंगठे. पुढच्या सोमवारी आम्ही तो स्टेशन मास्तरांकडे देणार आहोत, पोच घेऊन.

तुमच्या गावाजवळ जे स्टेशन असेल, शेलू असो, भिवपुरी असो, आसनगाव असो, तुमच्या पुढच्या बैठकीत त्याच्यावर दहा मिनिटं बोला. आपल्यातल्या कोण कोण रुळांतून जातात, का जातात, काय केलं तर जाणार नाहीत, एवढं विचारा. उत्तर वहीत लिहा. कर्जाच्या हप्त्याइतकाच तोही हिशेब आहे.

येते मैत्रिणींनो. माझी साडेतीनची लोकल आहे, आणि पुलावरून जायचं म्हणजे मला आत्ताच निघायला हवं. नमस्कार.